सर्वांत जास्त घरपट्टी भरूनही हरलेले मालक: माउईचं विधेयक ९

१५ डिसेंबर २०२५ रोजी हवाई राज्यातल्या माउई काउंटीच्या परिषदेनं विधेयक ९ हे ५ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केलं आणि महापौर रिचर्ड बिसेन यांनी त्यावर सही केली. अपार्टमेंट झोनमधले सुमारे सहा हजार फ्लॅट आता पर्यटकांना चार-आठ दिवसांच्या भाड्यानं देता येणार नाहीत. पश्चिम माउईत ही बंदी १ जानेवारी २०२९ पासून लागू होईल आणि उरलेल्या काउंटीत १ जानेवारी २०३१ पासून.

फ्लॅटमालक या लढाईत दुबळे नव्हते. त्यांची जुनी संघटना होती, वकील होते, अर्थतज्ज्ञांचे आकडे होते, आणि त्यांच्या फ्लॅटांवर पोट चालणारे सफाई कामगार, प्लंबर, व्यवस्थापक परिषदेत येऊन त्यांच्या बाजूनं बोलत होते. विद्यापीठाच्या अभ्यासातले निम्मे निष्कर्षही त्यांच्या उपयोगाचे होते. तरीही ते हरले. स्थानिक लोक संतापले होते आणि मालक परके होते, एवढ्यावर हे प्रकरण संपवता येईल. मला मात्र सगळा गुंता घरपट्टीत दिसतो. मालक वर्षानुवर्षं ज्या कराविरुद्ध भांडले, शेवटी त्याच कराची त्यांनी ढाल केली. ती का टिकली नाही, हे पाहण्यासारखं आहे.

फ्लॅट अपार्टमेंट झोनचे, राहणारे पाहुणे

माउई काउंटीत माउई, मोलोकाई आणि लानाई ही वस्तीची बेटं येतात. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या १ लाख ६४ हजारांच्या घरात होती. उसाचे मळे आणि साखर कारखाने हा एकेकाळी इथला कणा. शेवटचा साखर कारखाना २०१६ मध्ये बंद झाला. त्याच्या कितीतरी आधीपासून अर्थव्यवस्था पर्यटनाकडे झुकली होती. १९७० च्या आसपास किहेई आणि पश्चिम किनाऱ्यावर तीन-चार मजली फ्लॅटच्या इमारती उभ्या राहिल्या. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, कॅनडातल्या लोकांनी त्यातले फ्लॅट घेतले. वर्षातले काही आठवडे स्वतः राहायचं आणि उरलेल्या दिवसांत पर्यटकांना द्यायचं, असा हिशेब असे.

कागदोपत्री या जागा अपार्टमेंट झोनच्या, म्हणजे माणसांच्या कायम वस्तीसाठी राखलेल्या. १९८९ च्या सुमारास काउंटीनं नियम घट्ट केले आणि अपार्टमेंट झोनमध्ये पर्यटकांना फ्लॅट देण्यावर बंधन आणलं. मग ज्या इमारतींना त्याआधीच बांधकाम-परवानगी मिळाली होती त्यांचं काय? २००१ मध्ये काउंटीच्या कायदा विभागातले उपवकील रिचर्ड मिनाटोया यांनी मत दिलं की अशा जुन्या इमारतींना ही सवलत चालू राहते. त्या मताच्या आधारे इमारतींची यादी तयार झाली, ती मिनाटोया यादी. २०१४ मध्ये परिषदेनं ही सवलत कायद्याच्या मजकुरातच घातली.

त्यामुळे हे मालक चोरून धंदा करत नव्हते, हे आधी मान्य केलं पाहिजे. विनापरवाना भाड्यानं देणाऱ्यांसाठी माउईच्या मतदारांनी २०१८ मध्ये काउंटीची सनद, म्हणजे तिचा मूळ कायदा, बदलून सुरुवातीचा दंड २० हजार डॉलरपर्यंत आणि पुढे रोजचा १० हजार डॉलरपर्यंत नेला होता. मिनाटोया यादीतल्या मालकाला त्याची भीती नव्हती. तो राज्याचा आणि काउंटीचा निवास कर गोळा करून भरत होता, विक्रीकरासारखा सर्वसाधारण अबकारी कर भरत होता, आणि वर घरपट्टी भरत होता. कायदा पाळून वीस-पंचवीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला उद्यापासून बंद कर म्हटलं तर तो चिडणारच. त्याच्या चिडण्यात खोटं काही नव्हतं.

घरपट्टीची शिडी

हवाईत घरपट्टी ठरवण्याचा अधिकार पूर्णपणे काउंट्यांचा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळांचा बराचसा खर्च घरपट्टीतून निघतो, हवाईत शाळा राज्य सरकार चालवतं. म्हणून काउंटीला राहत्या घरावरचा दर अगदी खाली ठेवता येतो आणि बाकीचा भार हॉटेलं, टाइमशेअर (ठरावीक आठवडे अनेक मालकांत वाटलेली सुट्टीची घरं), पर्यटक-भाड्याचे फ्लॅट आणि रिकामी दुसरी घरं यांच्यावर टाकता येतो. आपल्या पालिकांत निवासी आणि बिगरनिवासी असे दोन दर असतात. माउईत त्या दोनाच्या जागी अनेक पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या काही वर्गांत मूल्य वाढेल तसा दरही वाढतो.

२०२४-२५ चे पहिल्या टप्प्याचे दर पाहा. मालक स्वतः राहत असेल तर मूल्याच्या दर हजार डॉलरला १.८० डॉलर. स्थानिकाला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं दिलं असेल तर ३ डॉलर. मालक राहत नाही आणि कायमचा भाडेकरूही नाही, अशा घराला ५.८७ डॉलर. पर्यटकांना देत असाल तर १२.५० डॉलर. त्या वर्षी हॉटेलांचा दर ११.७५ होता, म्हणजे एका फ्लॅटवाल्याला हॉटेलपेक्षाही जास्त दर.

आता ८ लाख डॉलर मूल्याचा एक फ्लॅट घ्या आणि मिळणाऱ्या सवलती बाजूला ठेवा. मालक राहत असेल तर वर्षाला १,४४० डॉलर, स्थानिक कुटुंबाला दिला असेल तर २,४००, पर्यटकांना दिला तर १०,०००. भिंती त्याच, चौरस फूट तेवढेच, आणि कर सातपट.

मालकांचा रोष इथून सुरू होतो. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये काउंटीचं अंदाजपत्रक ठरतं आणि त्या सुनावण्यांत फ्लॅटमालकांची बाजू मांडणारे हजर असत. त्यांची तक्रार साधी होती. आम्ही पाणी कमी वापरतो, आमची मुलं इथल्या शाळेत नाहीत, वर्षातला बराच काळ आम्ही बेटावर नसतो, मग इतका चढा दर आम्हाला का? आणि त्याला जोडूनच दुसरी, जास्त बोचरी गोष्ट: आम्हाला इथं मत नाही. बहुतांश मालक बेटाबाहेरचे. मालमत्ता माउईत असली तरी मतदान त्यांच्या राहत्या राज्यात किंवा देशात. परिषदेच्या सदस्यांच्या बाजूनं बघितलं तर हा सर्वांत सोयीचा करदाता. दर वाढवला तर पैसे येतात, एकही मत जात नाही.

दर चढत गेला. २०२०-२१ मध्ये हजाराला ११ डॉलरच्या आसपास असलेला दर चार वर्षांत साडेबारावर गेला, आणि त्याच काळात फ्लॅटांचं मूल्यांकनही झपाट्यानं वाढलं. पर्यटक-भाड्याचा वर्ग काउंटीच्या घरपट्टीतला सर्वांत मोठा वाटा उचलू लागला.

मालकांच्या मनात यातून एक समजूत पक्की झाली, आणि माझ्या मते त्यांची सर्वांत महागात पडलेली चूक तीच. इतका कर घेतात म्हणजे आपल्याला हलवणार नाहीत, असं त्यांनी धरलं. कर हा त्यांना परवान्याच्या किमतीसारखा वाटू लागला. काउंटीनं असं वचन कधीच दिलेलं नव्हतं. काउंटी दरवर्षी दर ठरवत होती आणि वसूल करत होती, एवढंच.

८ ऑगस्ट २०२३

त्या दिवशी पश्चिम माउईतलं लाहायना आगीत जळालं. १०२ माणसं गेली, २,२०० पेक्षा जास्त इमारती राख झाल्या, सुमारे १२ हजार लोक बेघर झाले. हवाईच्या जुन्या राजेशाहीची एकेकाळची राजधानी असलेलं हे गाव, आणि त्यात राहणारे बरेचसे लोक शेजारच्या काआनापालीच्या हॉटेलांत आणि त्याच्या आसपासच्या फ्लॅटांत काम करणारे.

आगीनंतर सरकारनं लोकांना हॉटेलांत ठेवलं. काही कुटुंबांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अनेकदा हलावं लागलं. ८ ऑक्टोबरला पश्चिम माउई पर्यटकांसाठी पुन्हा उघडायला सुरुवात झाली. १० नोव्हेंबरला लाहायनाच्या लोकांनी काआनापालीच्या किनाऱ्यावर तंबू ठोकले. हवाईच्या मूळ रहिवाशांना किनाऱ्यावर मासेमारीचा हक्क आहे. त्याच हक्काच्या आधारे वाळूत गळ रोवून, घराच्या मागणीसाठी ते महिनोन्‌महिने तिथं बसले. पाठीमागे हॉटेलं आणि फ्लॅटांच्या रांगा, त्यात पर्यटक. मागणी एका ओळीची: हे फ्लॅट आमच्या लोकांना द्या.

राज्यपाल जॉश ग्रीन यांनी फ्लॅटमालकांना आवाहन केलं, सवलती देऊ केल्या आणि पुरेसे फ्लॅट पुढे आले नाहीत तर पर्यटक-भाड्यावर तात्पुरती बंदी आणू असा इशाराही दिला. काउंटीनं आगग्रस्तांना दीर्घ मुदतीनं घर देणाऱ्यांची घरपट्टी काही काळासाठी पूर्ण माफ केली. केंद्राच्या आपत्ती संस्थेनं, फेमानं, चढ्या भाड्यानं फ्लॅट घेतले. अनेक मालकांनी दारं उघडली, हे नोंदवलं पाहिजे. पण फेमाच्या भाड्यानं बाजारभाडं फुगलं, आणि जास्त पैशासाठी आधीच्या स्थानिक भाडेकरूला बाहेर काढल्याच्या तक्रारीही आल्या. ज्यांचं घर जळालं नव्हतं तेही घर गमावू लागले.

इथं मालकांच्या हातातली एक संधी गेली. करमाफीची ही योजना म्हणजे काउंटीनं शिडीच्या दोन्ही टोकांना केलेली खूण होती: स्थानिकाला घर द्या, कर शून्य, पर्यटकाला द्या, चढा दर. संघटनेनं तेव्हाच पुढं येऊन सांगायला हवं होतं, की आमच्यातले एवढे फ्लॅट, एवढ्या वर्षांसाठी, या भाड्यानं, आम्ही स्वतःहून देतो. मालक हजारो, विखुरलेले, प्रत्येकाचं कर्ज वेगळं, प्रत्येकाचा हिशेब वेगळा, त्यामुळे असा शब्द देणं संघटनेला सोपं नव्हतं, हे मला कळतं. पण संघटना जर फक्त ‘नको’ म्हणण्यापुरती एकत्र येऊ शकत असेल, तर वाटाघाटीच्या टेबलावर तिच्याकडे देण्यासारखं काही उरत नाही.

होनोलुलूतला विजय कसा उलटला

हा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

शेजारच्या ओआहू बेटावर होनोलुलू शहर-काउंटीनं २०२२ मध्ये नियम केला होता, की निवासी भागात घर भाड्यानं द्यायचं तर किमान ९० दिवसांसाठी. आधी ही मर्यादा ३० दिवसांची होती. महिना-दोन महिन्यांसाठी घर देणाऱ्या मालकांची संघटना फेडरल कोर्टात गेली. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायाधीश डेरिक वॉटसन यांनी त्या नियमाच्या अंमलबजावणीला स्थगिती दिली. आधार होता हवाई राज्याच्याच झोनिंग कायद्यातल्या एका कलमाचा: आधीपासून कायदेशीर चालत आलेला निवासी वापर काउंटीला नव्या झोनिंगनं मोडून काढता येत नाही. मालक जिंकले होते, तेही ठोस कायदेशीर मुद्द्यावर.

माउईच्या मालकांना या निकालानं मोठा धीर दिला. त्यांचाही वापर कायदेशीर, जुना, आणि त्यांच्याकडे तर काउंटीच्याच वकिलाचं २००१ चं लेखी मत. कोर्टाची वाट त्यांना नवी नव्हती. माउईतल्या भाडे-घरमालकांच्या संघटनेनं २००७ मध्येही काउंटीविरुद्ध फेडरल कोर्टात दावा केला होता.

पण निकाल दोन्ही बाजू वाचतात. न्यायाधीशांनी नेमकं कोणतं कलम काउंटीच्या आड येतं ते दाखवून दिलं, तेव्हा ते कलम बदलणं हे विधिमंडळाच्या हातात होतं. ३ मे २०२४ रोजी राज्यपाल ग्रीन यांनी कायदा १७ वर सही केली. त्यानं काउंट्यांना स्पष्ट अधिकार दिला, की निवासी किंवा अपार्टमेंट झोनमधला पर्यटक-भाड्याचा वापर त्या टप्प्याटप्प्यानं संपवू शकतात. महापौर बिसेन यांनी आदल्याच दिवशी, २ मे रोजी, मिनाटोया यादीवरचे सात हजारांवर फ्लॅट दीर्घ मुदतीच्या वस्तीकडे वळवण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता. यादी ज्या सवलतीवर उभी होती ती काउंटीनं दिलेली, आणि ती काढून घेण्यापासून काउंटीला थोपवू शकणारं राज्याचं कलम आता बदललेलं.

आगीआधी असा कायदा विधिमंडळात सहज पार पडला असता का? मला शंका आहे. पण होनोलुलूचा निकाल नसता तर त्याची गरजही इतकी टोकदार झाली नसती. एका बेटावरच्या मालकांचा विजय दुसऱ्या बेटावरच्या मालकांना भोवला. कोर्टात जिंकलेला मुद्दा कायद्याच्या ओळीवर उभा असेल तर त्या ओळीचं राजकारणही सांभाळावं लागतं, आणि ते सांभाळायला स्थानिक मतदार लागतात.

मालकांनी काय काय मांडलं

प्रस्ताव आल्यापासून मंजुरीपर्यंत दीड वर्षाहून जास्त काळ गेला. जुलै २०२४ मध्ये माउईच्या नियोजन आयोगानं अनुकूल शिफारस केली. जून २०२५ मध्ये परिषदेच्या गृहनिर्माण आणि भू-वापर समितीपुढे अनेक दिवस सुनावण्या झाल्या, शेकडो लोक बोलले, हजारो पानांची निवेदनं आली.

मालकांच्या बाजूचे मुद्दे तीन प्रकारचे होते.

पहिला हक्काचा. आम्ही कायदेशीर वापर बघून फ्लॅट घेतला, त्याच वापराच्या भरवशावर बँकेनं कर्ज दिलं, तो काढून घेणं म्हणजे भरपाई न देता मालमत्ता घेणं. अमेरिकेत या युक्तिवादाला राज्यघटनेचा आधार शोधता येतो, आणि तीन ते पाच वर्षांची मुदत देण्यामागे काउंटीचं एक कारण हेही असणार. महापौरांच्या मूळ प्रस्तावात पश्चिम माउईसाठी १ जुलै २०२५ आणि बाकीच्यांसाठी १ जानेवारी २०२६ अशा जवळच्या तारखा होत्या. त्या पुढे गेल्या. मालकांच्या मोर्चेबांधणीचं पदरात पडलेलं सर्वांत ठोस फळ ते हेच, आणि लहान नाही. साडेतीन ते पाच वर्षांचं भाडं म्हणजे अनेकांच्या कर्जाचा मोठा हिस्सा.

दुसरा मुद्दा इमारतींचा. पन्नास वर्षांपूर्वीच्या इमारती, एका बेडरूमचे किंवा त्याहून लहान फ्लॅट, सामान ठेवायला जागा नाही, गाड्या लावायला जागा नाही. समुद्र अगदी पायाशी आलेला. पश्चिम माउईतल्या कहानाच्या किनाऱ्यावर इमारती वाचवण्यासाठी वाळू आणून टाकण्याच्या योजना कित्येक वर्षं चालू आहेत. विम्याचे हप्ते सगळ्या हवाईत भडकलेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिन्याला हजार डॉलरच्या पुढे जाणं नेहमीचं. स्थानिक शिक्षक किंवा नर्सला हे परवडणार कसं? हा प्रश्न मला प्रामाणिक वाटतो, आणि विधेयकाच्या समर्थकांनी त्याला पुरेसं उत्तर दिलं असं मला वाटत नाही. त्यांच्याकडून एक उत्तर मात्र पुन्हा पुन्हा आलं: लाहायनाच्या कुटुंबांना हॉटेलच्या एका खोलीत महिने काढावे लागले, त्यांना एक बेडरूम लहान आहे हे तुम्ही सांगू नका. त्या सभागृहात या वाक्यापुढे मेंटेनन्सचा आकडा टिकणं कठीणच होतं.

तिसरा मुद्दा पैशाचा, आणि मालकांनी सर्वांत जास्त जोर त्यावर दिला. मार्च २०२५ मध्ये हवाई विद्यापीठाच्या आर्थिक संशोधन संस्थेचा अभ्यास आला. त्यात ६,१२७ फ्लॅट धरले होते. हे सगळे वस्तीकडे वळले तर बेटाच्या दीर्घ मुदतीच्या घरांत सुमारे १३ टक्के भर पडेल आणि फ्लॅटांच्या किमती २० ते ४० टक्के उतरतील. दुसऱ्या बाजूला पर्यटकांसाठीच्या जागा २५ टक्के कमी होतील, त्यांचा खर्च वर्षाला सुमारे ९० कोटी डॉलरनं घटेल, १,९०० नोकऱ्या जातील, बेटाचं उत्पन्न ४ टक्के आक्रसेल, आणि २०२९ पर्यंत घरपट्टीत वर्षाला ६ कोटी डॉलरपर्यंत तूट येईल.

दोन्ही बाजूंनी हा एकच अहवाल हातात घेतला. स्थानिकांनी किमती उतरण्याचं पान दाखवलं. मालकांनी तुटीचं पान दाखवलं: आमच्या करावर तुमच्या बागा, रस्ते, अग्निशमन दल चालतं, आम्ही गेलो तर ते पैसे कुठून आणणार?

मालकांनी इतकी वर्षं म्हटलं, की आमच्यावरचा कर अन्यायाचा आहे. आता म्हटलं, की हाच कर काउंटीचा आधार आहे, म्हणून आम्हाला ठेवा. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असू शकतात. पण ऐकणाऱ्या सदस्याला त्यातून वेगळंच ऐकू येतं: काउंटी आमच्यावर अवलंबून आहे. आगीनंतरच्या माउईत हे वाक्य मदतीचं वाटण्याऐवजी धाकाचं वाटलं. शिवाय ज्या रहिवाशाची घरपट्टी हजाराला १.८० डॉलर आहे, त्याला ती थोडी वाढेल असं सांगून घाबरवता येत नाही, जेव्हा त्याची मुलगी घर परवडत नाही म्हणून नेवाडाला निघून गेलेली असते. माउईत एका स्वतंत्र घराची मध्यम किंमत तेव्हा १३ लाख डॉलरच्या आसपास होती. बेट सोडून जाणाऱ्यांच्या दुःखाला अंदाजपत्रकात रकाना नाही, पण मतपेटीत आहे.

कामगारांना बोलावण्याची मालकांची खेळी मात्र विचारपूर्वक होती, आणि ती अर्धीअधिक यशस्वीही झाली. फ्लॅट साफ करणाऱ्या बाया, लहान दुरुस्तीचे ठेकेदार, स्थानिक व्यवस्थापक हे माउईचेच रहिवासी आणि मतदार. हॉटेलात कंपनीची नोकरी, इथं स्वतःचा छोटा धंदा, हा फरक त्यांनी स्वतःच्या शब्दांत सांगितला. हे लोक मालकांच्या बाजूचे आहेत की त्यांना घर हवं आहे, असा प्रश्न विचारणाऱ्यांना दोन्ही उत्तरं मिळाली. साफसफाई करणारी बाई ज्या भाड्याच्या घरात राहते, तेही त्याच बाजारात महाग झालेलं असतं.

समितीनंतर एकजूट ढिली पडली

२४ जुलै २०२५ रोजी समितीनं ६ विरुद्ध ३ मतांनी विधेयकाची शिफारस केली. त्याबरोबर परिषदेनं एक छोटा अभ्यासगट नेमला. त्यानं सुचवलं, की ज्या इमारती खऱ्या अर्थानं रिसॉर्टसारख्या आहेत आणि वस्तीला योग्य नाहीत, त्यांच्यासाठी हॉटेल झोनचे नवे उपवर्ग काढावेत. त्यात सुमारे साडेचार हजार फ्लॅट बसू शकतात, असं चित्र पुढे आलं.

मालकांच्या दृष्टीनं हा दिलासा होता. संघटनेच्या दृष्टीनं ही फूट होती. तोवर सगळे म्हणत होते, यादीला हात लावू नका. आता प्रत्येक इमारतीची सोसायटी सांगू लागली, आम्ही वेगळे आहोत, आमच्याकडे स्वागतकक्ष आहे, आमचे फ्लॅट छोटे आहेत, आम्ही हॉटेलांच्या रांगेत आहोत. आणि आम्ही वेगळे म्हटलं की शेजारची इमारत वस्तीला योग्य आहे हे न बोलता मान्य होतं. परिषदेनं हे डावपेच म्हणून केलं असं मी म्हणणार नाही. इमारती खरोखरच एकसारख्या नाहीत आणि सरसकट नियमातली ती उणीव भरणं गरजेचं होतं. पण परिणाम तोच झाला. डिसेंबरमध्ये अंतिम मतदान झालं तेव्हा अनेक मालकांचं लक्ष विधेयक पाडण्यापेक्षा त्यातून आपली इमारत कशी सुटेल याकडे लागलं होतं.

दरम्यान बाजारानं आपला निकाल आधीच दिला होता. प्रस्ताव जाहीर झाल्यापासून विक्रीला निघालेले फ्लॅट वाढले आणि सौदे मंदावले. मूल्य उतरलं की मूल्यांकन उतरतं, मूल्यांकन उतरलं की घरपट्टी. म्हणजे अभ्यासातली तूट बंदी लागू व्हायच्या तारखेची वाट पाहत थांबणारी नाही.

आता प्रत्येक इमारतीचा अर्ज वेगळा

पुढची लढाई झोन बदलण्याच्या अर्जांवर आहे. इमारत हॉटेल झोनच्या नव्या वर्गात गेली तर तिचा धंदा चालू राहील, घरपट्टीचा चढा दरही. न गेली तर मालकासमोर तीन वाटा: विकणं, स्थानिक भाडेकरू ठेवणं, किंवा फ्लॅट स्वतःच्या सुट्टीसाठी ठेवून बाकी वर्ष बंद ठेवणं.

या तिसऱ्या वाटेबद्दल मला खरी काळजी वाटते, आणि विधेयकाच्या समर्थकांनीही ती करावी असं मी कळकळीनं म्हणेन. कायदा पर्यटकाला देणं थांबवू शकतो, स्थानिकाला देणं भाग पाडू शकत नाही. २०२४-२५ च्याच दरांनी पाहिलं तर तोच ८ लाखांचा फ्लॅट बंद ठेवणाऱ्या मालकाची घरपट्टी १०,००० वरून ४,६९६ डॉलरवर येते. सिएटलमधल्या सधन निवृत्त जोडप्यासाठी हा चक्क फायदा आहे. काउंटीचा कर गेला, सफाई करणाऱ्या बाईचं काम गेलं, आणि लाहायनाच्या कुटुंबाला घरही मिळालं नाही. भाडेकरू ठेवला असता तर घरपट्टी २,४०० डॉलर असती, म्हणजे दोन वाटांतला फरक वर्षाला २,२९६ डॉलरचा, महिन्याला दोनशे डॉलरांपेक्षाही कमी. एवढ्या फरकासाठी कोणी आपल्या सुट्टीचं घर सोडणार नाही.

म्हणून रिकाम्या दुसऱ्या घराचा दर आणि दीर्घ भाड्याचा दर यांच्यातली दरी २०२९ च्या आत किती रुंद केली जाते, यावर किती फ्लॅटांत दिवे लागतील ते ठरेल. तो दर परिषद दर वसंतात अंदाजपत्रकाबरोबर ठरवते. मालकांची संघटना त्या सुनावणीला येणारच, कारण आता तिचे सदस्य दोन वर्गांत विभागले जाणार आहेत आणि दोघांचे दर वेगवेगळ्या दिशांनी ओढले जाणार आहेत. लाहायनाचे लोक किनाऱ्यावर महिनोन्‌महिने बसले, विधेयकासाठी सभागृहातही बसले. दर ठरवण्याच्या त्या रटाळ, आकड्यांनी भरलेल्या सुनावणीलाही त्यांनी तेवढ्याच संख्येनं यायला हवं.